कव्हरावरची नावं : विलायती रॉक आणि आपली माणसं



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील, याची मला कल्पना आहे. झाशीत बसून मराठीत बोलायचं तर विषय ठरलेले असतात. राणीसाहेब, तात्या टोपे, किल्ला, गणेश मंदिर. ते आपण मागच्या भागांमध्ये केलं, पुढेही करणार आहोत. पण आज बोलायचंय ते ऐंशीच्या घरात पोचलेल्या काही इंग्रज म्हाताऱ्यांबद्दल. गिटार वाजवणाऱ्या, एकेकाळी खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या म्हाताऱ्यांबद्दल. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, क्वीन. ज्याला आज ‘क्लासिक रॉक’ म्हणतात, ते संगीत.

मी या मंडळींचा भक्त आहे, हे नियमित ऐकणाऱ्यांना ठाऊक आहेच. कॉमेंटमध्ये एक प्रश्न वारंवार येतो. ‘तुमचा आणि यांचा संबंध काय? झाशी कुठे, लंडन कुठे?’ प्रश्न रास्त आहे, आणि नुसतं ‘आवडतं म्हणून आवडतं’ असं उत्तर देऊन तो टाळता येतो. पण मी इतिहासाचा माणूस. मी तबकडीचं कव्हर उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचतो. ती वाचताना जे सापडलं, ते आज सांगणार आहे. थोडक्यात सांगायचं तर या विलायती संगीतात आपली माणसं पहिल्यापासून आहेत. फक्त त्यांची नावं कधी छापली गेली, कधी चुकीची छापली गेली आणि बऱ्याचदा छापलीच गेली नाहीत.

लखनौचा हॅरी, पाचगणीचा फारोख

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. १४ ऑक्टोबर १९४० रोजी लखनौमध्ये एक मुलगा जन्मला. नाव हॅरी वेब. वडील रेल्वेच्या खानपान सेवेच्या ठेकेदाराकडे नोकरीला. रेल्वेच्या अन्नावर वाढलेलं पोर. असली घरं आमच्या झाशीत किती होती, हे जुन्या लोकांना विचारा. झाशीला रेल्वेचा मोठा कारखाना होता आणि त्याच्याबरोबर अँग्लो-इंडियन वस्तीही. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन, त्यांचे बंगले, त्यांचं इन्स्टिट्यूट. जॉन मास्टर्सने १९५४ साली ‘भोवानी जंक्शन’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातलं भोवानी हे गाव झाशीवरून बेतलेलं आहे, असं मानलं जातं. इंग्रज निघाल्यावर आपण कुणाचे आणि जायचं कुठे, हा त्या वस्तीचा पेच त्या कादंबरीत आहे.

वेब कुटुंबाने तो पेच १९४८ साली सोडवला. ते इंग्लंडला गेले. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, हा हॅरी ‘क्लिफ रिचर्ड’ या नावाने ‘मूव्ह इट’ हे गाणं गायला. इंग्लंडमधलं पहिलं अस्सल रॉक अँड रोल गाणं म्हणून जाणकार आजही त्याचंच नाव घेतात. म्हणजे ब्रिटिश रॉकच्या उगमाशी शोध घेत गेलं तर तिथे उत्तर प्रदेशातला, रेल्वेच्या आसऱ्याने वाढलेला एक मुलगा उभा आहे.

आता खाली सातारा जिल्ह्यात येऊ. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत त्याच सुमारास एक पारशी मुलगा शिकत होता. फारोख बलसारा. जन्म १९४६, झांझिबारचा. आठव्या वर्षी आईवडिलांनी समुद्रापार पाचगणीला बोर्डिंगात पाठवलेला. मित्र त्याला फ्रेडी म्हणायला लागले ते याच शाळेत. बाराव्या वर्षी त्याने चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. तो पियानो वाजवायचा. आणि हा बँड गाणी कुणाची वाजवायचा? लिटल रिचर्डची आणि क्लिफ रिचर्डची!

लखनौचा मुलगा इंग्लंडला जाऊन गातो, त्याची गाणी फिरून सह्याद्रीच्या माथ्यावर येतात, तिथे एक पारशी मुलगा ती वाजवतो आणि पुढे १९६४ साली तोही इंग्लंडला जाऊन फ्रेडी मर्क्युरी होतो. हा रस्ता दुहेरी आहे, मंडळी. ‘त्यांचं’ संगीत ‘आपल्याकडे’ आलं, एवढं साधं हे प्रकरण नाही.

दमदमची तबकडी आणि पंजाब मेल

आता हे संगीत झाशीसारख्या गावात पोचायचं कसं, ते पाहू. आजच्या पिढीला बोटाच्या टोकावर सगळं मिळतं, तेव्हा थोडा तपशील सांगायला हवा.

बीटल्सच्या लाँगप्ले तबकड्या आपल्याकडे विलायतेहून येत नसत. त्या छापल्या जायच्या कलकत्त्याजवळ दमदमला, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या कारखान्यात. एचएमव्ही, म्हणजे कुत्रा-कर्ण्याचं चित्र असलेली कंपनी. जिथे बेगम अख्तर आणि लता मंगेशकर छापल्या जायच्या, तिथेच बीटल्सही छापले जायचे.

या दमदमचा दरारा लंडनपर्यंत होता. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या बीटल्सच्या गाजलेल्या अल्बमचं कव्हर आठवा. साठेक प्रसिद्ध चेहऱ्यांची गर्दी आहे. त्या गर्दीत महात्मा गांधीही असणार होते. पण ईएमआय कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी हरकत घेतली. भारतात लोक दुखावतील, तिथला धंदा अडचणीत येईल, असं त्यांचं म्हणणं. गांधीजी कव्हरावरून काढले गेले. परमहंस योगानंद, त्यांचे गुरू श्रीयुक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजी हे चौघे मात्र राहिले. हा तपशील लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

तर तबकडी दमदमला छापली जायची आणि मुंबई-दिल्लीच्या दुकानांत यायची. झाशीकराला ती हवी तर कुणीतरी जाणारा-येणारा गाठावा लागे. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल मुंबईहून भुसावळ, इटारसी, भोपाळ करत झाशीला येते आणि पुढे ग्वाल्हेर, आग्रा, दिल्लीकडे जाते. मुंबई ते झाशी अकराशेच्या वर किलोमीटर. मुंबईत काळा घोड्याला ‘ऱ्हिदम हाउस’ होतं. तिथून घेतलेली तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून, बेडिंगच्या घडीत जपून आणायची. वाटेत उन्हाने वाकली तर नशीब आपलं.

तबकडी परवडायची नाही तेव्हा रेडिओ. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन, बीबीसी. सुई एका केसाएवढी इकडेतिकडे झाली तर गाण्याच्या जागी खरखर. आणि वाचायला कलकत्त्याहून निघणारं ‘जेएस’. ज्युनियर स्टेट्समन, १९६७ ते १९७७. त्यातले पोस्टर भिंतीवर लावले म्हणून कितीजणांनी वडिलांचा मार खाल्ला असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

याचा एक परिणाम झाला. माल दुर्मिळ असला की माणूस तो पुरवून पुरवून खातो. एकच तबकडी महिनोन् महिने ऐकायची, कव्हर पाठ होईपर्यंत वाचायचं. आमची कव्हरं वाचायची सवय ही त्या टंचाईची देणगी आहे.

अनिल भागवत

आता त्या कव्हरांकडे वळू. पहिलं कव्हर १९६६ चं, ‘रिव्हॉल्वर’.

लंडनमध्ये तेव्हा ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची संस्था होती. १९४६ साली अयन अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी ती काढली. अंगडी हे मूळचे उत्तर कर्नाटकातल्या जकनूरचे, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यातले. लंडनमध्ये कुणाला सतारिया हवा, तबलजी हवा, की लोक अंगडींना फोन करत.

एप्रिल १९६६ मध्ये अंगडींनी अनिल भागवत नावाच्या तबलावादकाला विचारलं, आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज, हे भागवतांना समजलं नव्हतं. न्यायला रोल्स-रॉईस आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हा बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन! ११ एप्रिलला त्यांनी अॅबी रोडच्या स्टुडिओत हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्याला तबल्याची साथ केली. हॅरिसनने सुचवलं की रविशंकरांच्या साथीला असतो तसा सोळा मात्रांचा ठेका धरा, बाकी तुमच्या मनाने वाजवा.

बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचं नाव छापायची रीत नव्हती. पण ‘रिव्हॉल्वर’च्या कव्हरावर अनिल भागवत हे नाव छापलं गेलं. ‘माझं नाव कव्हरावर आहे’ याचा भागवतांना पुढे आयुष्यभर अभिमान वाटला, असं त्यांच्याच बोलण्यातून नोंदलं गेलंय. कव्हरावर आपल्या ओळखीचं आडनाव वाचून ऊर कसा भरून येतो, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

आता पुढचं वर्ष, ‘सार्जंट पेपर’. त्यात हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणं आहे. त्या गाण्यात दुसरा एकही बीटल वाजवत नाही. मुख्य भार एशियन म्युझिक सर्कलच्या वादकांवर आहे. दिलरुबा, तंबोरा, तबला. आणि कव्हरावर त्यांची नावं? एकही नाही. चार योगी कव्हरावर आहेत, वादक नाहीत. ज्यांचा गाण्याशी काही संबंध नव्हता त्यांचे चेहरे आले आणि ज्यांनी हातांनी वाजवलं त्यांची नावं राहिली.

ती सापडायला किती काळ लागला? पन्नास वर्षं. २०१७ च्या सुमारास त्यांची नावं जगापुढे आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. जगातल्या सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी एक, आणि तिच्यावर वाजवणारे अण्णा जोशी अर्धशतक निनावी!

फोर्टातला स्टुडिओ

१९६८ च्या जानेवारीत हॅरिसन स्वतः मुंबईला आला. ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाला त्याला संगीत द्यायचं होतं आणि त्यासाठी त्याला इथलेच वादक हवे होते. एचएमव्हीच्या फोर्ट भागातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं.

स्टुडिओ कसला, कचेऱ्यांच्या वर होता तो. बाहेरचा आवाज आत यायचा. टॅक्सीचे हॉर्न ऐकू यायचे. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा धडधडाट, आणि वाजवणं थांबवायचं. ही हकीकत हॅरिसननेच सांगितली आहे. बरं, स्टुडिओत स्टिरिओ यंत्रही नव्हतं. ते कलकत्त्याहून आगगाडीने आणवलं गेलं. ते आणवणारे एचएमव्हीचे तरुण प्रमुख होते भास्कर मेनन. या नावावरही खूण करून ठेवा.

वादक कोण होते पाहा. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र. संतूरवर शिवकुमार शर्मा. तारशहनाईवर विनायक व्होरा. बासरीवर एस. आर. केंकरे. शहनाईवर शरद आणि हनुमान जाधव. या अल्बमच्या कव्हरावर भारतीय वादकांची नावं छापली आहेत, ही हॅरिसनची भलाई. फक्त जाधवांचं इंग्रजीत ‘जादेव’ झालं. विलायतेत टाइप करणाऱ्याला जाधव काय ठाऊक! पण त्या ‘जादेव’मुळे आजही कितीतरी परदेशी पुस्तकांत हे दोघे ‘जादेव’ म्हणूनच वावरतात.

त्याच दिवसांत, त्याच स्टुडिओत हॅरिसनने ‘द इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यमेळ मुद्रित केला. हे गाणं मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ च्या मागच्या बाजूवर आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. आणि त्यातली बासरी आहे हरिप्रसाद चौरसियांची. इलाहाबादच्या पैलवानाचा मुलगा, वडिलांना चोरून बासरी शिकलेला, मुंबईत येऊन स्टुडिओमागून स्टुडिओ पालथे घालणारा. तिशीही गाठली नव्हती तेव्हा त्यांनी. इंग्लंडमध्ये लाखो लोकांनी ती बासरी ऐकली. तबकडीवर नाव मात्र बँडचं आणि गीतकाराचं.

‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’

चार वर्षांनी, १९७२ साली, लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. तेव्हा जगात त्यांच्या तोडीचा लोकप्रिय बँड शोधून काढावा लागला असता. अमेरिकेत त्यांच्यासाठी स्टेडियम भरायची. मुंबईत ते कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्या क्लबात गेले आणि तिथल्या पोरांच्या वाद्यांवर वाजवून आले. त्या रात्री तिथे हजर होतो असं सांगणारे आता इतके झालेत, की तेवढे लोक त्या क्लबात मावलेच नसते!

पण महत्त्वाची गोष्ट स्टुडिओतली. पेज आणि प्लांट यांनी इथले वादक जमवून आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. दुसऱ्या गाण्याची गंमत अशी की त्यात पाच आणि सहा मात्रांची आलटून पालटून चाल आहे. सरळ चौपदरी ठेक्यावर चालणाऱ्या रॉकमध्ये ही अवघड चीज. आपल्याकडे झपताल, रूपक रोज वाजवणाऱ्या माणसाला मात्रांची अशी मोडतोड परकी वाटत नाही. म्हणून तर हे लोक इतक्या लांब आले.

ही मुद्रणं तेव्हा बाहेर आलीच नाहीत. चोरट्या कॅसेटवरून हातोहात फिरत राहिली. अधिकृतपणे ती आली २०१५ साली, तब्बल ४३ वर्षांनी. त्यावर वादकांचा उल्लेख कसा आहे? ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. बस. एखाद्-दोन नावं जाणकार तोंडी सांगतात. उरलेले कोण? कुणाच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधून धावतपळत आले असतील, तीन तास वाजवून, पैसे खिशात घालून, लोकलने घरी गेले असतील. दादर, गिरगाव, कुर्ला. आपण आज कुणाबरोबर वाजवलं, हे त्यांनी घरी सांगितलं असेल का?

मेननसाहेब

मघाशी भास्कर मेनन या नावावर खूण करायला सांगितलं होतं. त्रिवेंद्रमला जन्मलेला हा माणूस दून स्कूल, सेंट स्टीफन्स आणि ऑक्सफर्ड करून ईएमआयमध्ये लागला, मग भारतात ग्रामोफोन कंपनीचा प्रमुख झाला. १९७१ साली त्याला अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्स सांभाळायला पाठवलं गेलं. ईएमआयची ही अमेरिकन शाखा तेव्हा तोट्यात होती.

पिंक फ्लॉइड हा बँड तोवर अमेरिकेत फारसा चालत नव्हता. कॅपिटॉलने आपल्या तबकड्या नीट विकल्या नाहीत म्हणून बँड नाराज होता आणि सोडून जायच्या बेतात होता. मेननने पुढच्या तबकडीसाठी कंपनीची सगळी ताकद पणाला लावली. ती तबकडी म्हणजे १९७३ ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’. बिलबोर्डच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात ती ७४१ आठवडे होती. आठवडे, दिवस नव्हे!

तिचं कव्हर सगळ्यांना ठाऊक आहे. काळ्या पार्श्वभूमीवर लोलक आणि त्यातून फुटलेले सात नव्हे, सहा रंग. टी-शर्टवर घालून पोरं फिरतात. मेननचं नाव किती जणांना ठाऊक आहे? हाच माणूस १९७८ साली ईएमआयच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचा पहिला प्रमुख झाला. २०२१ मध्ये तो गेला तेव्हा आपल्याकडे चार ओळींच्या बातमीपलीकडे फार काही झालं नाही.

मराठी घरातला रॉक

मंडळी, कुणी म्हणेल, हे झालं वादकांचं आणि साहेबांचं. मराठी घरात हे संगीत भिनलं का? एक नाव सांगतो : नंदू भेंडे.

आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. मराठी नाटकाच्या घरातला. १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हा विलायती रॉक ऑपेरा उभा केला. मूळ इंग्लिश तबकडीत जीझस गायला होता डीप पर्पलचा इयन गिलन. मुंबईच्या प्रयोगात ज्युडास गायला नंदू भेंडे. ज्याने ते गायन ऐकलंय तो सांगेल, मराठी मुलगा ‘इंग्रजाची नक्कल’ करत नव्हता. त्याच्या गळ्यात ते होतं.

आणि मग १९७८. पुलंचं ‘तीन पैशाचा तमाशा’. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. ब्रेख्तचं नाटक, अस्सल मराठी तमाशाच्या बाजात. पण त्यात एक सूर वेगळा होता, पाश्चात्त्य पॉप-रॉकचा, आणि तो नंदू भेंडेंचा होता. लावणी, नाट्यपद आणि रॉक एकाच रंगमंचावर, एकाच रात्री! हौशी चाहत्याच्या कानातलं संगीत मराठी रंगभूमीत उतरतं, ते असं. भेंडे २०१४ साली गेले.

आमच्या बाजूचंही एक उदाहरण देतो. १९९३ साली ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे देशातलं पहिलं महत्त्वाचं रॉक मासिक निघालं. मुंबईहून नाही, बंगलोरहून नाही, तर इलाहाबादहून. अमित सैगल नावाच्या एका वेड्याने ते काढलं. २०१२ मध्ये गोव्याच्या समुद्रात त्याचा अंत झाला. पण छोट्या गावातल्या पोरांना ‘तुमच्यासारखे आणखी आहेत’ हे सांगणारा तो पहिला माणूस. लहान गावचा चाहता एकटा असतो हो. मुंबईकराला ते कळत नाही.

पिकलेले सूर

आता आजच्या घडीचं. पॉल मॅकार्टनीचा जन्म १९४२, मिक जॅगरचा १९४३, जिमी पेजचा १९४४. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तेव्हाच लोक म्हणत होते, ही शेवटची संधी. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, ऐंशीच्या जॅगरने नवी गाणी असलेला अल्बम काढला. विलायतेत काही समीक्षक कुचेष्टा करतात, म्हणतात हे तरुणांचं संगीत, म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं.

मला यात काही अवघड वाटत नाही. झाशीहून शंभरेक किलोमीटरवर ग्वाल्हेर आहे. तिथे कृष्णराव शंकर पंडित होते. जन्म १८९३, निधन १९८९. ऐंशी ओलांडल्यावरही गात होते, आणि लोक त्यांच्यापुढे आदराने बसत होते. आवाज थकतो, दम कमी पडतो, पण गाण्याची समज पिकते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. रॉकला म्हातारं व्हायची सवय नव्हती, कारण ते संगीतच वयाने लहान आहे. त्याची पहिली पिढी आत्ता म्हातारी होते आहे. म्हातारपणी गायचं कसं, हे ती स्वतःच शिकते आहे. ग्वाल्हेरच्या शेजारच्या माणसाने त्याला हसू नये.

पण वय वय असतं. जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेला, चार्ली वॉट्स २०२१ मध्ये, जेफ बेक २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी जगभर पानंच्या पानं लिहून येतात. लिहायलाच हवीत, मीही प्रत्येक वेळी हळहळतो. आणि आपली बाजू? शिवकुमारजी २०२२ मध्ये गेले, आशिष खाँसाहेब २०२४ मध्ये. ‘वंडरवॉल’च्या त्या खोलीत काय झालं, ते सांगू शकणारे एकेक करून निघून चाललेत. इंग्लंडमधल्या वादकाने कोणत्या दिवशी कोणती गिटार वाजवली, याची पुस्तकं आहेत. आपल्या वादकांबद्दल ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढे दोन शब्द.

चाहत्याचं काम

म्हणून माझं सांगणं असं आहे. चाहता म्हणजे नुसता टाळ्या वाजवणारा नव्हे. चाहता कव्हर वाचतो. आणि कव्हरावर नाव नसेल तर विचारत सुटतो, कोण होता हा? अण्णा जोशींचं नाव परत मिळालं ते अशाच विचारत सुटलेल्या लोकांमुळे. हे काम विद्यापीठात जसं होतं, तसं घरातही होतं.

झाशीत आपल्याला इतिहास लिहिणाऱ्याचं मोठं उदाहरण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला निघालेले गरीब भिक्षुक. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते योगायोगाने इथे सापडले. पुढे म्हातारपणी त्यांनी आठवून आठवून ‘माझा प्रवास’ लिहिला. ते पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. गोडसे भटजी सेनापती नव्हते, दिवाण नव्हते. पण राणीच्या झाशीत लोक काय खात होते, काय बोलत होते, कसे पळाले, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते एका साध्या माणसाने लिहून ठेवलं म्हणून. इंग्रजांची कागदपत्रं एरवीही होतीच. आपली बाजू गोडसे भटजींनी लिहिली.

तर ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत, त्यांनी त्यावर आजच तारीख आणि माणसाचं नाव लिहा. कुठून आणली, कुणी भरून दिली, लिहा. ‘जेएस’ चे अंक माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ साली बंद झालं. त्याची पावती कुणाच्या पुस्तकात खूण म्हणून असेल तर जपा. रेल्वे वसाहतीत वाढलेला कुणी वृद्ध भेटला तर विचारा, इन्स्टिट्यूटमध्ये नाचाच्या रात्री पियानोवर कोण बसायचं, ड्रम कोण वाजवायचं. आणि मुंबई-पुण्याचे जे ऐकताहेत त्यांना मुद्दाम सांगतो : तुमच्या आजोबांनी, काकांनी साठ-सत्तरच्या दशकात स्टुडिओत व्हायोलिन, सतार, शहनाई, ढोलकी काहीही वाजवलं असेल, तर त्यांची जुनी डायरी उघडून बघा. ‘दोन गोऱ्यांचं रेकॉर्डिंग’ एवढीच नोंद असेल कदाचित. ती नोंद लाख मोलाची आहे.

मी या इंग्रज म्हाताऱ्यांवर प्रेम करत राहणार. प्लांटचा आवाज ऐकला की आजही अंगावर काटा येतो, त्याला इलाज नाही. पण ते प्रेम आता दोन्ही बाजूंनी वाचता येतं. एका बाजूला जॉर्ज, जिमी, मिक, फ्रेडी. दुसऱ्या बाजूला अनिल भागवत, अण्णा जोशी, शरद आणि हनुमान जाधव, केंकरे, नंदू भेंडे, आणि अजून न सापडलेले कितीतरी.

सापडलं काही, तर कॉमेंटमध्ये नाव लिहा. स्पेलिंग नीट लिहा, पुन्हा कुणाचा ‘जादेव’ व्हायला नको. पुढच्या भागात रेडिओ सिलोन आणि शॉर्टवेव्हच्या दिवसांबद्दल सविस्तर बोलू. तोवर झाशीहून सगळ्यांना नमस्कार.